ओयातोइ : परदेशी इंग्रजी शिक्षक आणि तिजोरीचे वर्ष

शाळाखात्याच्या अंदाजपत्रकाला ओढ लागली म्हणजे कात्री प्रथम कोठे चालते, हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही. इमारत विकता येत नाही, कायम शिक्षकाला सहसा हात लावता येत नाही. पण ज्याचा करार वर्षाचा, ज्याला मत नाही, ज्याचे नातेवाईक गावात नाहीत, त्याला काढण्यासाठी काही करावेच लागत नाही. करार संपतो आणि नवा होत नाही, एवढेच. पूर्वेकडील देशांतल्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाची स्थिती ही अशी आहे. ती आजची नव्हे. तिचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे आणि तो जपानात जितका स्पष्ट वाचावयास मिळतो तितका दुसरीकडे क्वचितच मिळेल. म्हणून आम्ही हा विषय जपानच्या अंगाने मांडणार आहोत.

1868 साली जपानात राज्यक्रांती झाली आणि नव्या राजवटीने जी पंचसूत्री जाहीर केली तिचे शेवटचे सूत्र असे होते की, ज्ञान साऱ्या जगातून मिळवावे. ज्ञान मिळवायचे तर ते देणारा माणूस हवा, आणि माणूस हवा तर त्याला दाम हवा. या माणसांना जपानी भाषेत नाव पडले ‘ओयातोइ गाइकोकुजिन’. ‘गाइकोकुजिन’ म्हणजे परदेशी मनुष्य, ‘यातोइ’ म्हणजे मोलाने ठेवलेला, आणि आरंभीचा ‘ओ’ हा आपल्या ‘जी’सारखा आदराचा प्रत्यय. म्हणजे सगळे मिळून ‘भाडोत्रीजी’ असेच काहीतरी झाले! आदर आणि हिशेब एकाच शब्दात बसवण्याचे हे कौशल्य आम्हांस मोठे बोलके वाटते. पुढच्या साऱ्या कथेचे बीज त्या एका शब्दात आहे.

दाम किती मोजावा लागला, त्याचा एक दाखला पुरेसा आहे. ओसाकाच्या टांकसाळीवर किंडर नावाचा इंग्रज अधिकारी नेमला होता. त्याचा दरमहा पगार 1,045 येन, आणि राज्याचा मुख्य मंत्री सांजो सानेतोमी याचा 800 येन! आपल्या पंतप्रधानापेक्षा परक्या चाकराला अधिक देणारे राज्य एकतर वेडे असले पाहिजे किंवा फार शहाणे. जपानी राज्यकर्ते शहाणे होते. हा खर्च चिरकाल करावयाचा नाही, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून धरले होते. परदेशी शिक्षक आणावयाचा तो अशासाठी की, त्याच्या हाताखाली तयार झालेला जपानी मुलगा उद्या त्याच्या खुर्चीत बसावा. 1875 पासून शिक्षणखात्याने निवडक तरुणांस सरकारी खर्चाने परदेशी धाडण्यास आरंभ केला तो याच हेतूने. शिक्षक जितका चांगला, तितकी त्याची गरज लवकर संपणार, असा हा विलक्षण धंदा होता.

करारपत्रे कागदावर चोख असत. पण कराराला दोन पक्ष लागतात, आणि त्यांतला एक पक्षच नाहीसा झाला तर? विल्यम एलियट ग्रिफिस या तरुण अमेरिकनाने हा अनुभव घेतला. 1871 च्या मार्च महिन्यात ते फुकुई या डोंगराआडच्या संस्थानी गावी शास्त्रविषयांचे शिक्षक म्हणून आले. त्यांचा धनी म्हणजे तेथील संस्थानिक. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टोकियोच्या सरकारने एका हुकुमाने सगळी संस्थाने खालसा केली! फुकुईच्या दरबारी पाचशे अंमलदार होते, ते सत्तरांवर आणण्यात आले, असे ग्रिफिस यांनी लिहून ठेवले आहे. ऑक्टोबरात किल्ल्याच्या दिवाणखान्यात संस्थानिकाने आपल्या लोकांचा निरोप घेतला, तो प्रसंगही त्यांनी डोळ्यांनी पाहिला. आपल्याकडे सातारा-नागपूरच्या खालसा दरबारांची हकिकत वाचलेल्यांस हे दृश्य परके वाटू नये. करार मोडला नाही, कारण नव्या सरकारने संस्थानांच्या जबाबदाऱ्या आपल्या शिरावर घेतल्या. पण ज्या शाळेसाठी माणूस आला होता तिचा पायाच खचला. 1872 च्या जानेवारीत ग्रिफिस बर्फ तुडवीत टोकियोकडे निघाले. फुकुईस त्यांचे पुरते एक वर्षही झाले नव्हते.

पुढची दहा वर्षे बरी गेली. मग तिजोरीचा प्रश्न आला. 1877 साली सात्सुमाच्या सरदारांनी बंड केले. ते मोडण्यासाठी सरकारने कागदी चलन बेसुमार काढले आणि महागाई भडकली. 1881 साली मात्सुकाता मासायोशी अर्थमंत्री झाला, आणि त्याने जी काटकसर आरंभली तिने शेतकऱ्यापासून कारखान्यापर्यंत सर्वांस चिमटा बसला. परदेशी तज्ज्ञांचा सर्वांत मोठा आश्रयदाता जे बांधकाम-उद्योगखाते, ते 1885 च्या अखेरीस बंदच झाले. इकडे 1883 साली टोकियो विद्यापीठाने जाहीर केले की, यापुढे अध्यापनाची भाषा इंग्रजीऐवजी जपानी राहील. परदेशी गेलेले तरुण पदव्या घेऊन परतत होते. खजिना रिता आणि घरचा माणूस तयार, अशी दोन्ही कारणे एकाच वेळी जुळून आली. यातले खरे कारण कोणते आणि सोयीचे कोणते, हे पुढे कोणालाच सांगता येईनासे झाले. आम्हांस वाटते, या प्रकरणातला सगळा घोळ येथूनच सुरू होतो.

शास्त्रे आणि यंत्रविद्या शिकवणारे परदेशी गेले तरी इंग्रजीचे शिक्षक राहिले. कारण उघड आहे. रसायन जपानीतून शिकवता येते. इंग्रजीचा उच्चार मात्र इंग्रजाच्या तोंडूनच ऐकावा, अशी समजूत तेव्हा होती आणि आजही आहे. पण राहिले ते वर्षावर्षाच्या कराराने. 1890 साली पहिली लोकसभा भरली आणि लोकपक्षांनी पहिलीच घोषणा केली ती खर्चकपातीची. सरकारने सुमारे 8 कोटी 33 लाख येनांचे अंदाजपत्रक मांडले, त्यातून सुमारे एक दशांश रक्कम छाटा असे लोकप्रतिनिधी म्हणाले. तडजोडीअंती साठ लाखांहून अधिकची छाटणी झालीच. त्यानंतर तीन वर्षांनी युद्धनौकांसाठी सरकारी नोकरांच्या पगाराचा दहावा हिस्सा सहा वर्षे कापून घ्यावा असे बादशाही फर्मान निघाले. म्हणजे जपानी शिक्षकही सुखात होता असे नव्हे.

नेमक्या याच वर्षी, 1890 च्या एप्रिलात, लाफ्काडिओ हर्न योकोहामाच्या बंदरात उतरले. आई ग्रीक, बाप आयरिश लष्करी डॉक्टर, जन्म ग्रीसच्या बेटावर, उमेदीचा काळ अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत. एक डोळा लहानपणीच गेलेला. असा हा कोठलाच नसलेला मनुष्य मात्सुए या आडगावच्या सरकारी शाळेत दरमहा 100 येनांवर इंग्रजीचा शिक्षक झाला. तेथेच कोइझुमी सेत्सू या गरिबीत आलेल्या सामुराई घराण्यातल्या स्त्रीशी त्यांनी संसार मांडला. पुढील वर्षी ते कुमामोतोच्या वरिष्ठ शाळेत गेले. पगार 200 येन, आणि मुख्याध्यापक कोण, तर जूदो या विद्येचे जनक कानो जिगोरो. पगार दुप्पट झाला तसा घरातल्या माणसांचा भारही वाढला. सासूसासऱ्यांसह सगळे कुटुंब आता त्या एका वार्षिक करारावर उभे होते. कुमामोतोहून चेंबर्लेन या आपल्या विद्वान मित्रास त्यांनी जी पत्रे लिहिली, त्यांत नोकरीच्या अस्थिरतेची चिंता पुनःपुन्हा डोकावते. तीन वर्षांनी त्यांनी ती नोकरी सोडली आणि कोबेच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात बसले.

येथे क्षणभर आपल्या घराकडे वळून पाहिले पाहिजे, कारण त्यावाचून जपानच्या गोष्टीतले मर्म ध्यानी येणार नाही. त्याच काळी हिंदुस्थानातही इंग्रज प्राध्यापक होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांच्यापुढे बसून टिळक-आगरकर शिकले. पण येथला इंग्रज प्राध्यापक राज्यकर्त्यांचा माणूस होता. त्याची नोकरी पक्की, पेन्शन पक्के. कात्री चाले ती एतद्देशीयावर. कलकत्त्यास 1885 साली जगदीशचंद्र बोस प्राध्यापक झाले तेव्हा गोऱ्या प्राध्यापकाहून कमी पगार देऊ केला म्हणून त्यांनी तीन वर्षे पगारास हात लावला नाही. आणि फर्ग्युसन कॉलेजच्या आजीव सभासदांनी पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याची शपथ घेतली, ती कथा या शहरात नव्याने सांगावयास नको. जपानातही गोऱ्यास जास्त आणि घरच्यास कमी हेच प्रमाण होते. फरक इतकाच की, करारावर सही करणारा हात जपानी होता. तो हात आखडता घेण्याचे स्वातंत्र्य त्यांना होते, आपणांस नव्हते. म्हणून ओयातोइच्या दुःखाची हकिकत सांगताना जपानवर सरसकट कृतघ्नतेचा शिक्का मारणाऱ्या पाश्चात्य लेखकांशी आमचे मन जुळत नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे येऊ. 1896 च्या आरंभी हर्न जपानी प्रजाजन झाले आणि पत्नीच्या घराण्याचे नाव घेऊन ‘कोइझुमी याकुमो’ बनले. यात हौसेपेक्षा हिशेब अधिक होता. ते ब्रिटिश राहिले असते तर त्यांच्यामागे बायकामुलांचा हक्क आणि मिळकत यांचा गुंता झाला असता. त्याच वर्षी टोकियोच्या बादशाही विद्यापीठातील वाङ्मय शाखेचे प्रमुख तोयामा मासाकाझू यांनी त्यांना इंग्रजी साहित्याचे अध्यापक म्हणून बोलावले. तोयामा हे स्वतः अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात शिकून आलेले, आणि परदेशी माणसाची जागा घेणाऱ्या पहिल्या पिढीचे. पगार ठरला दरमहा 400 येन, परदेशी माणसाच्या मानाने. नागरिक जपानी, वेतन परदेशी, अशी ही सोय तोयामांच्या शब्दावर उभी होती. आणि तोयामा 1900 साली वारले.

हर्न वर्गात कसे शिकवीत? सावकाश, जवळजवळ सांगून लिहवून घेतल्यासारखे, टिपण समोर न ठेवता, आणि मुलांना समजेल अशा साध्या इंग्रजीत. इंग्रजी काव्य परक्या भूमीवरल्या मुलाला कोठे अडते, याची त्यांना नेमकी जाण होती. ही व्याख्याने त्यांनी स्वतः छापली नाहीत. विद्यार्थ्यांनी वह्यांत उतरवून घेतलेली होती म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, 1915 पासून, ती अमेरिकेत ग्रंथरूपाने निघाली. वर्गातल्या पोरांच्या वह्यांवरून एखाद्या शिक्षकाचे जाडजूड ग्रंथ निघावेत, याहून त्याच्या कामाची दुसरी पावती काय असणार? प्राध्यापकांच्या सभासंमेलनांत मात्र ते मिसळत नसत. नोकरी टिकवण्याच्या दृष्टीने हा दोषच म्हटला पाहिजे.

1903 च्या जानेवारीत त्यांना विद्यापीठाचे पत्र आले. 31 मार्च रोजी करार संपतो, तो पुढे चालू राहणार नाही. सात वर्षांच्या नोकरीचा शेवट एका पत्राने! त्यांची मैत्रीण आणि पहिली चरित्रलेखिका एलिझाबेथ बिस्लंड हिने कारण दिले आहे ते असे की, हे गृहस्थ जपानी नागरिक, तेव्हा परदेशी पगारास पात्र नाहीत. म्हणजे कुटुंबाच्या संरक्षणासाठी जे केले तेच अंगावर आले. विद्यार्थ्यांनी मोठा गिल्ला केला, तेव्हा विद्यापीठाने थोडे तास आणि थोडा पगार देऊ केला. हर्न यांनी तो नाकारला.

या प्रकरणातल्या एका तपशिलाकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. त्या काळी टोकियो विद्यापीठाचे शिक्षणाचे वर्ष सप्टेंबरात सुरू होत असे. ते एप्रिलात आणले गेले 1921 साली. सरकारी तिजोरीचे वर्ष मात्र 1886 पासूनच एप्रिल ते मार्च होते. म्हणजे 31 मार्च हा दिवस तिजोरीच्या दृष्टीने वर्षाचा शेवट, पण वर्गाच्या दृष्टीने अर्धवट वाट. अभ्यासक्रम मध्यावर, कवी अर्धा वाचून झालेला, आणि शिक्षक उठून गेला. हा निर्णय ज्याने घेतला त्याच्यासमोर वेळापत्रक नव्हते, खतावणी होती.

त्यांच्या जागी तिघे आले. आर्थर लॉइड हे परदेशीच, उएदा बिन हा हर्न यांचाच विद्यार्थी, आणि नात्सुमे किन्नोसुके, ज्यांना पुढे सारे जग सोसेकी म्हणून ओळखू लागले. सोसेकींचा तर हा दुसरा प्रसंग. 1895 साली मात्सुयामाच्या शाळेत ते गेले होते तेही एका अमेरिकन शिक्षकाच्या जागेवर. त्या परदेशी माणसाची जागा म्हणून त्यांना 80 येन मिळाले, आणि मुख्याध्यापकाला 60! पुढे कुमामोतोसही ते हर्न यांच्या जुन्या शाळेत शिकवीत होते. 1900 साली शिक्षणखात्याने त्यांना वर्षाला 1,800 येन देऊन लंडनला धाडले. तेथे अर्धपोटी राहून, पुस्तके विकत घेत, मनाने पार खचून ते 1903 च्या जानेवारीत परत आले. हर्न यांना पत्र गेले ते याच महिन्यात. विद्यापीठाने सोसेकींना वर्षाला 800 येन दिले. हर्न यांच्या नेमणुकीचा दर वर्षाला 4,800 येनांचा होता. एकाच्या रकमेत असे सहा सोसेकी बसतात! पोटाला पुरेना म्हणून सोसेकींनी दुसऱ्या सरकारी शाळेत 700 येनांची नोकरी जोडीला धरली. वर्गात हर्न यांची आठवण ताजी असल्यामुळे मुले नव्या अध्यापकावर रुसलेली. आपल्यासारख्याने कोइझुमींच्या जागी बसावे हे त्यांचे त्यांनाच अवघड वाटत होते, असे त्यांच्या पत्नीने सांगितले आहे. 1907 साली सोसेकींनी विद्यापीठाला रामराम ठोकला आणि दरमहा 200 येनांवर असाही वर्तमानपत्रात कादंबरीकार म्हणून रुजू झाले. विद्यापीठाने काटकसर केली खरी. पण चार वर्षांत दोन्ही गमावले.

आमचे मत येथे स्पष्ट सांगतो. आपल्या विद्यापीठात आपला माणूस बसवण्याचा जपानचा निश्चय योग्य होता, आणि सोसेकींसारखा माणूस निवडणे तर अत्यंत योग्य. पण घरचा माणूस आणणे ही एक गोष्ट आहे आणि आधीच्या माणसाला तिजोरीच्या तारखेवर काढणे ही दुसरी. पहिलीच्या योग्यतेवर दुसरी झाकता येत नाही. हर्न यांना दोन वर्षांची सूचना देता आली असती, सोसेकींना त्यांच्या शेजारी वर्ग देता आला असता. खर्च वाढला असता, हे कबूल. पण ज्या राज्याने टांकसाळीवरच्या अधिकाऱ्याला मुख्य मंत्र्याहून अधिक पगार दिला होता, त्याला हा हिशेब कळत नव्हता असे म्हणवत नाही.

हर्न यांच्यापाशी त्या वेळी तीन मुले होती आणि त्याच वर्षी मुलगी झाली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने व्याख्यानांचे आमंत्रण दिले, तेही मागे घेतले गेले. शेवटी 1904 च्या वसंतात वासेदा या खाजगी विद्यापीठाने त्यांना बोलावले. वासेदाचे संस्थापक ओकुमा शिगेनोबू यांनी तरुणपणी नागासाकीस इंग्रजी शिकले होते ते व्हरबेक या ओयातोइ शिक्षकापाशी. हा व्हरबेकही असाच निर्वासित. जन्माचे डच नागरिकत्व गेले, अमेरिकेचे मिळाले नाही, आणि म्हातारपणी जपान सरकारने खास परवाना दिला तेव्हा कोठे त्याला राहण्याफिरण्याची मोकळीक लाभली. ओकुमांनी त्या ऋणाची आठवण ठेवून हर्न यांना बोलावले असे आम्ही म्हणणार नाही. पण जेथे बोलावले ते घर त्या ऋणातून उभे राहिले होते हे खरे. हर्न यांना हे सुख फार दिवस लाभले नाही. 26 सप्टेंबर 1904 रोजी हृदयविकाराने ते वारले. वय चौपन्न.

यानंतरचा बराच काळ आम्ही ओलांडून जातो. कायद्यात बदल झाला तो 1982 साली. तोवर जपानच्या सरकारी विद्यापीठांत परदेशी माणसाला कायम प्राध्यापकाची जागाच देता येत नसे. 1987 साली सरकारने शाळांत परदेशी तरुण पाठवण्याची ‘जेट’ योजना काढली. पहिल्या वर्षी चार देशांचे 848 जण आले. 2002 साली हा आकडा 6,200 च्या वर गेला. करार एक वर्षाचा, आणि कितीही उत्तम शिकवले तरी पाच वर्षांपलीकडे नाही. मग गावोगावच्या नगरपालिका एकत्र केल्या गेल्या, त्यांच्या तिजोऱ्या आटल्या, आणि अनेक ठिकाणी शिक्षक पुरवण्याचे काम ठेकेदार कंपन्यांकडे गेले. तेच काम, तोच वर्ग, पण पगार कमी. 2010 साली सरकारी खर्चाची जाहीर छाननी झाली तीत ही योजनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. तोवर संख्या 4,300 च्या आसपास आली होती. पुढे ती पुन्हा वाढली. पण कमी-जास्त होण्याचे कारण दोन्ही वेळा मुलांच्या इंग्रजीत शोधून सापडत नाही.

शेजारच्या दक्षिण कोरियात 1995 साली अशीच योजना निघाली, आणि प्रत्येक शाळेत एक परदेशी शिक्षक हे ध्येय सोल शहराने पुढे ठेवले. 2011 च्या सुमारास मात्र सोल आणि त्याभोवतालचा ग्योंगी प्रांत यांनी हात आखडला. याच काळात शाळेत मुलांना मोफत जेवण द्यावे की नाही यावर तेथे सार्वमत झाले आणि त्यात हरून सोलच्या महापौरांनी राजीनामा दिला. भाकर आणि इंग्रजी यांत निवड करायची वेळ आली तर आम्हीही भाकरच निवडू. पण शिक्षकाचा परवाना त्या नोकरीलाच जखडलेला असतो. करार संपला की पगारच नव्हे, देशात राहण्याचा आधारही जातो. दर वर्षामागे एक महिन्याचा पगार उपदान म्हणून मिळतो, एवढी सोय कोरियाच्या कायद्यात आहे, आणि ती जपानच्या मानाने बरीच म्हणावी लागेल.

जपानने 2013 पासून कायदा केला की, मुदतीच्या करारावर पाच वर्षांहून अधिक काम केलेला नोकर मागेल तर त्याला बेमुदत करार द्यावा लागेल. मग ठेकेदारीतल्या काही शिक्षकांचे करार पाचवे वर्ष भरण्यापूर्वीच थांबू लागले. सरकारी नोकरांस तर हा कायदा लागूच नाही. त्यांच्यासाठी एप्रिल 2020 पासून एक नवे नामाभिधान आले आहे. शाळांतल्या परदेशी सहायक शिक्षकांपैकी ज्यांना नगरपालिका थेट नेमते, ते आता ‘काइकेइ नेन्दो निन्यो शोकुइन’ या वर्गात मोडतात. शब्दशः अर्थ, हिशेबी वर्षापुरता नेमलेला कर्मचारी. ओयातोइतला तो आदराचा ‘ओ’ या नावात राहिलेला नाही.